जीएसटीत महाराष्ट्र नंबर वन, मग आमचा जिल्हा कुठंय? सरकारी आकड्यांतून आपल्या भागाचं धंदापाणी कसं वाचायचं

दर महिन्याच्या सुरुवातीला जीएसटीचा आकडा येतो आणि दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरायला लागतो, महाराष्ट्र पुन्हा अव्वल. एप्रिल २०२५ मध्ये देशभरातून २.३७ लाख कोटी जमा झाले, त्यात महाराष्ट्राचे सुमारे ४१,६०० कोटी, आदल्या एप्रिलपेक्षा ११ टक्के जास्त, आणि दुसऱ्या नंबरचं कर्नाटक आपल्या निम्म्यावरही नव्हतं. मग ग्रुपमधला एखादा परभणीचा नाहीतर बुलढाण्याचा माणूस विचारतो की एवढा पैसा आहे तर आमच्याकडं सोयाबीनला भाव का नाही आणि पोरं बारावी झाली की पुण्याला का पळतात. त्यावर दोन पार्ट्या पडतात, भांडण होतं आणि शेवटी गुड मॉर्निंगचा फोटो येतो.

भांडणात कुणी खोटं बोलत नसतं. आकडाही खरा असतो आणि परभणीवाल्याचा अनुभवही. गडबड एवढीच की तो आकडा परभणीबद्दल काही सांगतच नाही, तो सांगेल असं आपण गृहीत धरलेलं असतं.

आपल्या जिल्ह्याचं, तालुक्याचं काय चाललंय हे बघायला आज फुकटात भरपूर डेटा आहे. आरटीओचा आहे, बँकांचा आहे, बाजार समित्यांचा आहे, राज्याची आर्थिक पाहणी आहे, सगळं मोबाइलवर उघडतं. फक्त प्रत्येक आकड्याला आधी एक प्रश्न विचारायचा: तू कुठल्या कागदावर, कुणाच्या हातून आणि कुठल्या पत्त्यावर लिहिला गेलास? हा प्रश्न विचारायची सवय लागली की अर्ध्याहून जास्त फॉरवर्ड आपोआप गळून पडतात.

## आधी जीएसटीचंच बघू

लग्नात आहेराची वही असते. पाच भावांनी मिळून पैसे दिले तरी वहीत नाव थोरल्याचं लागतं, आणि दहा वर्षांनी वही उघडून बघितली तर वाटतं की थोरलाच सढळ हाताचा होता, बाकीच्यांनी काही दिलंच नाही. राज्यवार जीएसटीचा तक्ता बराचसा असाच असतो. कर कुठल्या राज्यातल्या नोंदणीवर भरला गेला हे त्यात कळतं. तो माल कुणी घेतला, कमाई कुठं झाली, हे वेगळं.

उदाहरण घ्या. चाकणच्या कारखान्यात गाडी बनली आणि पाटण्याच्या डीलरला गेली. राज्याबाहेर माल जाताना जो जीएसटी लागतो त्याला आयजीएसटी म्हणतात, तो कंपनीनं महाराष्ट्रातल्या नोंदणीवर भरला, म्हणून तो महाराष्ट्राच्या कलेक्शनमध्ये दिसला. पण जीएसटी हा मुळात जिथं वस्तू वापरली जाते तिथल्या राज्याचा कर आहे, त्यामुळं नंतर केंद्र हिशेब करतं आणि बिहारचा वाटा बिहारला देतं. या वाटणीला सेटलमेंट म्हणतात. जीएसटीच्या सरकारी मासिक आकडेवारीत सेटलमेंटच्या आधीचा आणि नंतरचा असा राज्यांच्या वाट्याचा आणखी एक तक्ता असतो आणि राज्यातल्या खपाचा अंदाज घ्यायचा तर त्यातला सेटलमेंटनंतरचा आकडा बघावा लागतो. बातम्यांत मात्र कलेक्शनचाच तक्ता येतो, कारण त्यात क्रमवारी झकास दिसते.

अजून दोन बारक्या गोष्टी. राज्यवार तक्त्यात आयात मालावरचा जीएसटी धरत नाहीत, तसं तळटीपेत लिहिलेलं असतं पण तळटीप वाचतो कोण. दुसरं म्हणजे एप्रिलचा आकडा दरवर्षी फुगलेलाच येतो कारण मार्चअखेरची सगळी बिलं एप्रिलमध्ये भरली जातात, म्हणून एप्रिलची तुलना मार्चशी करायची नाही, मागच्या एप्रिलशी करायची. आणि तीही करताना महागाई लक्षात ठेवायची, कारण कर किमतीवर लागतो, किमती पाच टक्क्यांनी वाढल्या तर एक नगही जास्त न विकता कर पाच टक्क्यांनी वाढतो.

या तक्त्यात राज्याच्या खालचं काहीच नाही. जिल्हा नाही, तालुका नाही. परभणीवाल्याचा प्रश्न तिथं संपला, त्याला दुसरीकडं जायला हवं.

## मग जिल्ह्याचं उत्पन्न असा काही आकडा असतो का?

असतो. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय तो काढतं आणि बजेटच्या आधी विधिमंडळात जी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मांडतात तिच्यात जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता मिळतो. पाहणी मराठीतही असते, पीडीएफ फुकट आहे, आणि खरं सांगायचं तर दहावी पास माणसाला कळेल अशी आहे, उगाच घाबरायचं कारण नाही.

पण इथंही वहीचाच घोळ आहे, फक्त जरा वेगळ्या अंगानं. जिल्ह्याचं उत्पन्न म्हणजे त्या जिल्ह्याच्या हद्दीत जे मूल्य तयार झालं ते. ते तिथल्या लोकांच्या खिशात गेलं की नाही, हा हिशेब त्यात नाही. चंद्रपूर घ्या. तिथं २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. हे सगळं चंद्रपूरच्या उत्पन्नात धरतात. वीज तारांवरून राज्यभर जाते, नफा कंपनीच्या हेड ऑफिसला जातो, आणि राख आणि उन्हाळा तेवढा चंद्रपूरकरांकडं राहतो. दरडोई उत्पन्नाचा आकडा बघून कुणी म्हणेल की चंद्रपूर बरं चाललंय, तर एका अर्थानं बरोबर आहे, पण त्याच जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातल्या माणसाला तो आकडा सांगून बघा.

बीडचं उलटं. दिवाळी झाली की हजारो कुटुंबं ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडं निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परततात. त्यांनी तोडलेल्या उसातून जे मूल्य तयार झालं ते ज्या जिल्ह्यात ऊस आणि कारखाना आहे त्या जिल्ह्याच्या नावावर. घाम बीडचा आणि नोंद कोल्हापूरची. मात्र हेच कुटुंब उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन बीडच्या बाजारात जे खर्च करतं ते बीडच्या दुकानदारीत दिसतं, त्यामुळं बीडचं उत्पन्न आणि बीडचा खर्च हे दोन आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि जुळले नाहीत म्हणून कुणी घोटाळा केला असंही नाही.

आता यातली सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. शेती, कारखाने यांची जिल्ह्याजिल्ह्याची माहिती बऱ्यापैकी असते. पण रेल्वे, टेलिफोन, बँक-विमा असल्या क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्यात नेमकं किती मूल्य तयार झालं हे मोजणं अवघड, म्हणून राज्याचा एकूण आकडा घेऊन तो कामगारांची संख्या वगैरे निकषांवर जिल्ह्यांत वाटून टाकतात. यात लबाडी नाही, जगभर असंच करतात. पण परिणाम असा की या क्षेत्रांत मुंबई जोरात वाढली तर हिंगोलीही कागदावर थोडी वाढते. त्यामुळं जिल्ह्याची एका वर्षाची ग्रोथ अर्धा-पाऊण टक्क्यानं वरखाली झाली म्हणून पेपरात मोठ्ठं हेडिंग देणं मला तरी पटत नाही. पाच-सात वर्षांची दिशा बघावी.

आणि तुलना करताना जिल्हा तोच आहे ना हे बघावं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. ज्यानं २०१२ चं ठाणे आणि २०१८ चं ठाणे शेजारी ठेवलं त्याला वाटणार की ठाण्याला काय झालं एकदम.

## बँकेत पैसा आहे, पण कुणाच्या कामाचा?

रिझर्व्ह बँक दर तिमाहीला जिल्हावार ठेवी आणि कर्जांचे आकडे काढते. त्यावरून एक सोपं गुणोत्तर निघतं, सीडी रेशो, म्हणजे शंभर रुपयांच्या ठेवीमागं जिल्ह्यात किती रुपयांचं कर्ज दिलं. ऐंशी असेल तर इथला पैसा बराचसा इथंच फिरतोय, पस्तीस असेल तर लोक पैसे ठेवतात पण कर्ज घेऊन धंदा करणारे कमी आहेत किंवा बँक त्यांना दारात उभं करत नाही. चाळीसच्या खाली गेलेल्या जिल्ह्यांसाठी बँकांच्या जिल्हास्तरीय समितीनं वेगळी उपसमिती नेमायची असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे याचं जुनं उदाहरण. पैसा मुंबईतून, आता आखातातूनही, गावाकडं येतो, ठेवीत पडतो, घर बांधायला आणि गणपतीला निघतो. ठेवी भरपूर दिसतात म्हणून तिथं उद्योगधंदा भरभराटीला आलाय असा अर्थ काढला तर तो चुकीचा.

मुंबईचं परत वेगळंच. मोठ्या कंपन्यांची कर्जं नरिमन पॉइंटच्या नाहीतर बीकेसीच्या शाखेत मंजूर होतात आणि पैसा वापरला जातो दुसऱ्याच राज्यात. हे रिझर्व्ह बँकेलाही माहीत आहे, म्हणून ती कर्ज मंजूर कुठं झालं आणि वापरलं कुठं गेलं अशी दोन प्रकारची आकडेवारी देते. जिल्ह्याबद्दल बोलायचं तर वापराच्या ठिकाणचा आकडा घ्या.

आपल्याकडं या डेटात एक मोठ्ठं भगदाड आहे ते म्हणजे हे आकडे फक्त शेड्यूल्ड कमर्शियल, म्हणजे नेहमीच्या सरकारी-खासगी व्यापारी बँकांचे असतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक त्यात नाही, पतसंस्था नाहीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर इथली पीककर्जं डीसीसी, म्हणजे याच जिल्हा बँका, आणि गावच्या सोसायटीतून किती जातात हे गावातल्या कुणालाही विचारा. म्हणजे दुसऱ्या एखाद्या राज्यात हा आकडा जवळजवळ पूर्ण चित्र देईल पण पश्चिम महाराष्ट्रात तोच आकडा लंगडा पडतो. दिल्लीत बसून सगळ्या देशाचा एकच तक्ता करणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही, आपल्या यायला पाहिजे.

## आरटीओचा डॅशबोर्ड, माझा आवडता

वाहन नावाचा सरकारी डॅशबोर्ड आहे, त्यात प्रत्येक आरटीओ ऑफिसला महिन्याला कुठल्या प्रकारच्या किती गाड्यांची नोंदणी झाली ते दिसतं. हा डेटा मला आवडतो कारण यात कुणाला मुद्दाम आकडा फुगवून फायदा नाही. गाडी पासिंग झाली, टॅक्स भरला, नोंद झाली, संपलं.

कुठली गाडी काय सांगते हे बघायला मजा येते. टू-व्हीलर म्हणजे साध्या घरात हातात थोडे पैसे आले किंवा ईएमआय भरायची हिंमत आली. ट्रॅक्टर म्हणजे बागायतदाराकडं पैसा किंवा सबसिडी. पिकअप, छोटा टेम्पो म्हणजे कुणीतरी मालवाहतूक सुरू केली, भाजी नाहीतर दूध वाहतोय. जेसीबीसारखी यंत्रं म्हणजे कुठंतरी रस्ता, तळं, नाहीतर प्लॉटिंग चाललंय. लातूरसाठी एमएच २४ निवडून चार-पाच वर्षांचे महिने एकाखाली एक लावले की चित्र दिसायला लागतं, आणि त्याच्या शेजारी सोयाबीनचा भाव लावला तर अजून बोलायला लागतं. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव बरेच दिवस त्याच्या खालीच फिरत होता. सोयाबीनवर उभ्या असलेल्या जिल्ह्यात त्या दिवाळीला गाड्या कशा गेल्या हे बघणं म्हणजे भावाचा परिणाम शोरूमपर्यंत कसा पोचतो हे बघणं. तुम्हीच काढून बघा.

पण इथं तीन खड्डे आहेत.

पहिला सणांचा. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, धनत्रयोदशी तर ऑक्टोबरातच येऊन गेली. आता २०२४ चा नोव्हेंबर २०२३ च्या नोव्हेंबरशी तोलला तर गाड्यांची विक्री धाडकन पडलेली दिसणार आणि ऑक्टोबर तोलला तर बाजार उसळलेला दिसणार, आणि दोन्ही बातम्या छापून येणार, एकाच पेपरात, एका महिन्याच्या अंतरानं. उपाय सोपा आहे, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची बेरीज करा आणि बेरजा तोला. पितृपक्षाचंही तसंच, ते पंधरा दिवस ज्या महिन्यात येतील तो महिना थंड.

दुसरा सरकारी निर्णयांचा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, छोट्या कार आणि ३५० सीसीपर्यंतच्या टू-व्हीलर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. दर कमी होणार हे १५ ऑगस्टलाच लाल किल्ल्यावरून कळलं होतं, म्हणून लोकांनी खरेदी थांबवून धरली, आणि २२ सप्टेंबर नेमकी घटस्थापना! म्हणजे थांबलेलं गिऱ्हाईक आणि सणाचं गिऱ्हाईक एकाच दिवशी दुकानात. त्या ऑगस्टचा आकडा बघून मंदी आणि ऑक्टोबरचा बघून तेजी असं म्हणणारा दोन्ही वेळा चुकला. मुंबईतल्या घरांचं असंच झालं होतं, २०२० च्या सप्टेंबरपासून स्टॅम्प ड्युटी ५ वरून २ टक्क्यांवर आणली, ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत होती, आणि डिसेंबरात १९ हजारांच्या वर नोंदण्या झाल्या. कोरोनाच्या वर्षात! त्यात बरीच घरं अशी होती जी लोकांनी पुढं कधीतरी घेतलीच असती, फक्त ती अलीकडं ओढली गेली.

तिसरा खड्डा हद्दीचा. आरटीओ म्हणजे जिल्हा नव्हे. पुणे जिल्ह्यात १२ आहे, १४ आहे, बारामतीचा ४२ आहे. बीडला २३ आणि अंबाजोगाईला ४४. नुसता एमएच २३ काढून बीड जिल्ह्याबद्दल बोललात तर अंबाजोगाईवाले चिडतील, आणि बरोबर चिडतील.

## बाजार समितीचा भाव वाचायची पद्धत

शेतीवर चालणाऱ्या भागाचं काय चाललंय हे कळायला पणन मंडळाच्या साइटवरचा रोजचा बाजारभाव यापेक्षा ताजा डेटा नाही. त्यात चार रकाने असतात: आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. बातमी नेहमी कमाल दराची होते. कांद्याला विक्रमी भाव वगैरे. पण कमाल दर हा एखाद्या निवडक वक्कलचा, म्हणजे मालाच्या एका लॉटचा, असतो, एक ट्रॅक्टर एकसारखा, चकचकीत, मोठा माल आला आणि दोन व्यापाऱ्यांत ईर्षा लागली की भाव चढतो. बाकीचा माल ज्या भावानं गेला तो सर्वसाधारण दर. समजा एका दिवशी दहा हजार क्विंटल आवक झाली, कमाल ३,२०० आणि सर्वसाधारण २,१०० निघाला, तर गावांत गेलेला पैसा २,१०० च्या हिशेबानं धरायचा, म्हणजे साधारण २ कोटी १० लाख. ३,२०० च्या हिशेबानं धरला तर ३ कोटी २० लाख होतात आणि तो एक कोटी दहा लाखांचा फरक फक्त हेडिंगमध्ये असतो, कुणाच्या खात्यात नसतो.

भाव एकटा बघायचाच नाही, आवकेशी गुणून बघायचा. उन्हाळ कांदा शेतकरी चाळीत भरून ठेवतो आणि पावसाळ्याच्या शेवटी भाव चढतो तेव्हा निम्म्या चाळी रिकाम्या झालेल्या असतात, काही माल सडलेला असतो. सप्टेंबरात भाव दुप्पट दिसतो पण आवक घटलेली, आणि जो माल येतोय तो ज्यांच्यात थांबायची ताकद होती त्यांचा. उलट ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली तेव्हा लाल कांद्याची आवक भरपूर आणि भाव कोसळलेला, ती बंदी उठायला ४ मे २०२४ उजाडला, आणि तोपर्यंत लाल कांदा विकून झाला होता. लासलगाव, पिंपळगावचे हे पाच महिने आवक गुणिले सर्वसाधारण दर असे एका शीटमध्ये टाकले की नाशिक जिल्ह्याच्या लोकसभेच्या निकालात कांदा का बोलला ते कळायला वेगळा तज्ज्ञ लागत नाही.

तुलना करताना लाल कांदा लालशी, उन्हाळ उन्हाळशी. साइटवर जात वेगळी दिलेली असते. आणि शिवार खरेदी, म्हणजे व्यापारी थेट बांधावरून माल उचलतो ती, बाजार समितीच्या आवकेत येतेच असं नाही.

## "आमच्याकडं सगळं रोखीत चालतं, ते कुठं दिसणार?"

रास्त शंका आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आठ माणसं काम करतात, त्यांचा पीएफ कापला जात नाही कारण पीएफचा कायदा साधारण वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागतो. कारखान्यांची वार्षिक पाहणी होते तीही ठरावीक संख्येहून जास्त माणसांच्या नोंदणीकृत कारखान्यांची. म्हणून पीएफच्या नव्या खात्यांवरून रोजगार वाढला म्हणताना त्यातला काही भाग हा आधीपासून काम करत असलेल्या माणसाचं नाव आता कागदावर आलं एवढाच असतो. त्यात परत राज्यवार आकड्यात हेड ऑफिसचा घोळ आहेच, महाराष्ट्र तिथंही वर दिसायला तेही एक कारण.

युपीआयचे व्यवहार वाढले म्हणजे उत्पन्न वाढलं असंही नाही, आधी चहावाल्याला दहाची नोट द्यायचो ती आता स्कॅन होते. फोनपेनं २०२१ पासून जिल्हावार आकडे सगळ्यांसाठी खुले केलेत, चांगली गोष्ट आहे, पण ते एका कंपनीचे आकडे आहेत. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवरच्या नोंदणीचंही तसंच, कर्जासाठी किंवा योजनेसाठी लोक स्वतःहून नोंदणी करतात आणि दुकान बंद पडलं तर पोर्टलवर जाऊन बंद करणारा विरळा.

रोखीतला पैसा लपतो तो कमावताना, खर्च करताना तितका लपत नाही. गाडी पासिंगला जाते, प्लॉट रजिस्ट्रीला जातो, घरात एसी लागला की विजेचं बिल वाढतं. म्हणून जिथं अनौपचारिक धंदा जास्त तिथं कमाईच्या आकड्यांपेक्षा खर्चाच्या आकड्यांवर भर द्यावा. विजेतही शेतीपंपाचा आकडा सोडून द्या, कारण बऱ्याच पंपांना मीटरच नाही, तो वापर अंदाजानं धरतात. घरगुती आणि लघुउद्योगाची वीज घ्या.

उपग्रहातून दिसणाऱ्या रात्रीच्या उजेडावरूनही लोक हल्ली जिल्ह्यांची प्रगती मोजतात. दिसायला भारी नकाशे असतात. पण नगरपालिकेनं पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले की गाव डोळ्याला जास्त उजळ आणि उपग्रहाला जास्त अंधुक दिसू शकतं, कारण त्या उपकरणाला निळसर उजेड नीट टिपता येत नाही.

## "सरकारी आकडे म्हणजे सगळा गोलमाल"

असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी आकड्यांचे दोन गट करतो. जो आकडा दुसरंच काही काम करताना आपोआप तयार झाला तो जास्त विश्वासाचा, म्हणजे पासिंग, रजिस्ट्री, बँकेची ठेव. जो आकडा टार्गेट पूर्ण झालं हे वरच्यांना दाखवायला तयार झाला त्याच्याकडं जरा तिरकं बघायचं. आणि कुठलाही एक आकडा घेऊन निष्कर्ष काढायचा नाही. टू-व्हीलर वाढल्या, रोजगार हमीच्या कामाची मागणी कमी झाली, बाजार समितीत आवक गुणिले दर वाढला, तिन्ही एका दिशेला असतील तर बोला. दोन एकीकडं आणि एक दुसरीकडं असेल तर आधी त्या तिसऱ्याला कुणी कुठं लिहिलं ते शोधा, बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथंच सापडते.

रोजगाराचा सरकारी सर्व्हे आहे, पीएलएफएस. तो घरोघरी जाऊन होतो म्हणून बीडचा माणूस बीडमध्ये मोजला जायची शक्यता असते. जानेवारी २०२५ पासून त्याची रचना बदलली आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरायला लागले. तरीही एका जिल्ह्यातली घरं थोडीच असतात, त्यामुळं एका महिन्याच्या जिल्ह्याच्या आकड्यावर पैज लावू नका.

## "एवढं करून मिळतं काय?"

महाराष्ट्रात तरी हा प्रश्न पडायला नको. १९८३ साली प्रादेशिक असमतोल मोजायला अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमली, तिनं रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने असे विषय घेऊन प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागं आहे ते काढलं आणि ती कमतरता भरून काढायला लागणारी रक्कम सांगितली, ३,१८६ कोटी. अनुशेष हा शब्द विदर्भ-मराठवाड्याच्या राजकारणात पक्का बसला तो त्यानंतर. पुढं १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली, राज्यपालांचे निर्देश आले, निधीवाटपाची सूत्रं आली, त्यावर विधानसभेत रणकंदन झालं. विजय केळकर समितीनं २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरला तेव्हा केवढा वाद झाला, कारण घटक बदलला की मागास कोण हे बदलतं. पुणे जिल्हा पुढारलेला, पण वेल्हे (आता राजगड) तालुक्याचं काय? आणि उलट बाजूनं, तालुका धरला तर पश्चिम महाराष्ट्रातले दुष्काळी तालुकेही रांगेत येऊन बसतात आणि मराठवाड्याचा हिस्सा कमी होतो अशी भीती. दोन्ही बाजूंना मुद्दा होता. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, वाद संपलेला नाही.

छोट्या पातळीवरही हे कामाला येतं. ज्याला उदगीरला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान टाकायचंय त्यानं त्या भागातली पाच वर्षांची ट्रॅक्टर नोंदणी बघावी, फुकट आहे. ग्रामपंचायतीला बँकेची शाखा मागायचीय तर जिल्ह्याचा सीडी रेशो अर्जात लिहावा, नुसत्या "आमच्यावर अन्याय" या वाक्यापेक्षा त्याला उत्तर देणं अधिकाऱ्याला जड जातं.

## दरडोईतली "डोई" आणि २०२७

एक शेवटची भानगड सांगायची राहिली. दरडोई उत्पन्न काढायला एकूण उत्पन्नाला लोकसंख्येनं भागतात, आणि आपली शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. तेव्हापासून जिल्ह्याची लोकसंख्या ही अंदाजानं पुढं ढकललेली आहे. पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये चक्क घटली होती, मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली होती, आणि पुण्याच्या आसपास वाघोली, हिंजवडी, चाकण इकडं गेल्या पंधरा वर्षांत काय झालंय ते तिथं ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणालाही विचारा. म्हणजे भागाकारातली खालची संख्या काही जिल्ह्यांत खऱ्यापेक्षा जास्त असेल, काहींत कमी.

नवी जनगणना १ मार्च २०२७ या तारखेच्या हिशेबानं होणार आहे. तिचे आकडे आले की दरडोई उत्पन्नाचे तक्ते नव्यानं मांडले जातील आणि काही जिल्हे एका रात्रीत श्रीमंत होतील, काही गरीब, कुणाच्याही कमाईत एक रुपयाचा फरक न पडता. तेव्हा ग्रुपवर कुठले फॉरवर्ड येतील याचा अंदाज आत्ताच करता येतो.